हीट गन मध्येच थंड पडते, एलिमेंट पुन्हा पुन्हा जळतं: किनाऱ्यावरच्या कामांसाठी समस्या निवारण

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, हर्णे, मालवण, सगळीकडे बोटी वर ओढलेल्या असतात आणि वायरिंगची कामं त्याच दोन महिन्यांत उरकायची असतात. हीट गनवर, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या हत्यारावर, सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो, आणि हवाही तेव्हाच सगळ्यात दमट असते. मग तक्रार ठरलेली: गन गेली, एलिमेंट (आतली तापणारी तारेची कॉइल) बदललं, पंधरा दिवसांत परत गेली. अशा गनांपैकी बऱ्याच मुळात बिघडलेल्या नसतात. बिघाड विजेच्या बोर्डात, वायरीत, मागच्या जाळीत किंवा वापराच्या पद्धतीत असतो आणि भुर्दंड एलिमेंटला बसतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी खालच्या क्रमाने जा. क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो.

आधी लक्षण ओळखा

गन अजिबात चालू होत नाही, वाराही नाही आणि उष्णताही नाही: दोष बहुधा सॉकेट, पिन, वायर, स्विच किंवा थर्मल फ्यूजमध्ये (गन फार तापली की कायमचा तुटणारा फ्यूज).

वारा व्यवस्थित येतो पण गारच: मुख्य कॉइल तुटली आहे किंवा थर्मल कटआउट (तापलं की वीज तोडणारा आणि थंड झाल्यावर परत जोडणारा स्विच) उघडा राहिला आहे. गन ‘कूल’ खटक्यावर नाही ना, हेही बघून घ्या.

पाच-दहा मिनिटं छान चालते, मग थंड पडते, थोडा वेळ ठेवली की परत चालते: वारा अडतोय. या लक्षणात गन उघडायची वेळ क्वचितच येते.

तापते, पण श्रिंक ट्यूब (तापवली की आकसून वायरच्या सांध्यावर घट्ट बसणारी नळी) बसायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो: व्होल्टेज कमी.

नोजलमधून ठिणग्या किंवा लालभडक चकाकी, जळका वास: कचरा आत गेलाय, कॉइल कुठेतरी टेकतेय किंवा पंखा मंदावलाय. लगेच बंद करा.

सेटिंग कमी ठेवलं तरी झोत पूर्ण तापलेलाच: कंट्रोल सर्किट गेलं आहे, बहुतेक वेळा ट्रायाक (ताकद कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो.

गन लावली की आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो: आतून गळती आहे. इथे स्वतः काही करत बसू नका. का, ते पुढे सांगितलं आहे.

एलिमेंट बदलूनही महिना-दोन महिन्यांत जातं: गनची निवडच कामाला साजेशी नाही. त्याचा विचार शेवटच्या भागात आहे.

काहीही तपासायच्या आधी

पिन काढा आणि गन निदान अर्धा तास थंड होऊ द्या. नोजलमधून दिसणारी कॉइल उघडी असते आणि पिन लावलेली असताना तिच्यात करंट असू शकतो. अडकलेला तुकडा काढायला नोजलमध्ये तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. शॉक तर बसेलच, शिवाय आतला अभ्रकाचा पत्रा तडकेल.

पहिली तपासणी: हाताळणी (खर्च शून्य)

नोजल आणि वस्तू यांत साधारण ५ ते ८ सेंटिमीटर अंतर हवं. घाईत नोजल थेट लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) टेकवलं जातं, गरम हवा परत आत ढकलली जाते आणि कटआउट उडतो. बारीक तोंडाचं रिड्यूसर नोजल लावून पूर्ण तापमानावर काम केलं तरी हेच होतं: हवेला वाट कमी, उष्णता तेवढीच. बारीक नोजल लावलं तर तापमान एक टप्पा खाली आणा. श्रिंकसाठी चमच्यासारखं वळलेलं रिफ्लेक्टर नोजल वापरा. ते झोत ट्यूबच्या मागून फिरवतं, त्यामुळे कमी तापमानात चौफेर बसतं.

दुसरी सवय काम संपल्यावरची. खटका थेट ‘ऑफ’ केला की पंखा थांबतो, पण कॉइल अजून लाल असते. साठलेली उष्णता प्लास्टिककडे, मोटरकडे आणि थर्मल फ्यूजकडे सरकते. काम झालं की दीड-दोन मिनिटं गार हवेवर चालवा आणि मग बंद करा. फक्त एवढ्या सवयीने एलिमेंट आणि मोटर दोन्हींचं आयुष्य वाढतं. बोटीवर, जेटीवर ही सवय मोडते, कारण मधेच कुणीतरी बोर्डावरून पिन ओढून स्वतःचा ग्राइंडर लावतो. गनसाठी वेगळा सॉकेट राखून ठेवा आणि बोर्डावर तसं लिहा.

तापलेली गन आडवी टाकणं किंवा आपटणं हेही याच यादीत. कॉइलची निक्रोमची तार लाल असताना मऊ असते आणि अभ्रक ठिसूळ. थंड असताना जो धक्का काहीच करत नाही, तोच धक्का तापलेल्या अवस्थेत कॉइलचे वेढे एकमेकांना टेकवतो. टेकले की तेवढ्या भागाचा रोध संपतो, उरलेल्या कॉइलवर जास्त करंट येतो आणि सगळ्यात बारीक जागी ती तुटते.

दुसरी तपासणी: मागची जाळी (खर्च शून्य)

हवा मागून किंवा बाजूच्या फटींतून आत जाते. त्या फटी उजेडात धरून बघा. फायबरच्या बोटीवर काम झालं असेल तर ग्राइंडिंगची पांढरी भुकटी, जाळ्यांच्या शेडमध्ये नायलॉनचे तंतू, काजू कारखान्यात तेलकट भुसा. तेलकट भुसा सगळ्यात वाईट, कारण तो झटकून निघत नाही आणि तापला की धूर काढतो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम घ्या. कॉम्प्रेसरची हवा वापरायचीच असेल तर दाब २ बारपर्यंत ठेवा आणि लांबून मारा. ६-७ बारचा फटका पंख्याची पाती आणि अभ्रक दोन्ही मोडतो.

गन कपाटात बरेच दिवस पडून असेल तर नोजलमध्ये टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीला असली नळकांडी फार आवडतात. मातीचं घर आत असताना गन चालवली तर माती भाजून कॉइलवर बसते आणि मग ती निघतच नाही.

जाळी साफ केल्यावर ‘पाच मिनिटं चालते आणि थांबते’ हे लक्षण गेलं, तर काम झालं. पुढे जायची गरज नाही.

तिसरी तपासणी: व्होल्टेज (मल्टीमीटर हवा)

इथे थोडा वेळ द्या, कारण किनाऱ्यावरच्या वस्तीत, लाइनच्या टोकाला, हाच दोष सगळ्यात जास्त निघतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो.

गन म्हणजे मुख्यतः एक रोध. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) बदलते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी गन १८० व्होल्टवर सुमारे १२२५ वॅटच देते. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने उतरलं, तर ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. ऑपरेटरला वाटतं एलिमेंट थकलं, तो नोजल जवळ आणतो, जास्त वेळ धरतो आणि वरच्या पहिल्या तपासणीतल्या सगळ्या चुका एकदम होतात.

मोजायचं ते गन चालू असताना, गनच्या पिनजवळ. नुसत्या सॉकेटवर २२५ दिसतात म्हणून समाधान मानू नका. लोड आल्यावर किती उरतात ते महत्त्वाचं. चालू सॉकेटवर प्रोब लावायची सवय नसेल तर हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या.

आता एक्स्टेन्शनचा हिशोब. २००० वॅटची गन २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेते. जेटीवरच्या बोर्डापासून बोटीपर्यंत ३० मीटर केबल टाकली आणि ती ०.७५ स्क्वेअर एमएमची असली, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याचा रोध दीड ओहमच्या वर जातो. बोर्डावर २०० व्होल्ट असले तर गनपाशी १८९ च्या आसपास पोचतात. २००० वॅटची गन तिथे १३५० वॅटची होते आणि मधल्या केबलमध्ये ८० वॅट उष्णता फुकट जाते. केबल ड्रमवर गुंडाळलेली असेल तर ही उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. आतल्या थरांचं पीव्हीसी मऊ होऊन दोन तारा चिकटतात. तीच ३० मीटर केबल अडीच स्क्वेअर एमएमची घेतली तर गनपाशी १९६ व्होल्ट मिळतात. अडीचची केबल महाग वाटते, पण ती एकदाच घ्यावी लागते. ड्रम असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा.

पिन १६ अँपिअरची हवी. पुष्कळ गनांना कारखान्यातून बारीक गोल दोन पिना येतात आणि त्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये सैल बसतात. सैल पिन म्हणजे तापणारी पिन. गन दहा मिनिटं चालवून, बंद करून, पिन काढून हात लावा. धरवत नसेल तर सॉकेट आणि पिन दोन्ही बदला. पितळेवर हिरवट पूड किंवा काळा डाग दिसला तर घासून वापरू नका. खाली गंजलेला स्प्रिंग पकड देत नाही.

उलट टोकही लक्षात असू द्या. रात्री उशिरा गावातला लोड उतरला किंवा जनरेटरचा गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) बिघडला की व्होल्टेज २५०-२६० वर जातं. २६० व्होल्टवर तीच गन २५५० वॅटच्या आसपास घेते. एलिमेंट इतक्यासाठी बनलेलं नसतं. रात्रपाळीतच कॉइल जळत असेल तर गनवाल्याला दोष देण्याआधी रात्रीचं व्होल्टेज मोजा.

जनरेटरवर २००० वॅटच्या गनला निदान ३ केव्हीए हवेत. घरगुती इन्व्हर्टरवर मोठी गन लावूच नका, आणि चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची गन तर अजिबात नको. ट्रायाकचं टायमिंग तिथे चुकतं.

चौथी तपासणी: वायर आणि स्विच (खर्च थोडा)

वायर बहुतेक वेळा मुठीतून बाहेर पडते तिथे तुटते, वरून काही दिसत नाही. पिन काढलेली असताना मल्टीमीटर ओहमवर ठेवा, गनचा खटका पूर्ण उष्णतेवर करा आणि पिनच्या दोन टोकांत मोजा. साध्या खटक्याच्या गनमध्ये आकडा असा यायला हवा: २००० वॅटला सुमारे २६.५ ओहम, १८०० वॅटला २९.५, १५०० वॅटला ३५. दहा टक्के इकडेतिकडे चालेल. मोजताना वायर मुठीजवळ हलवा. आकडा उडाला तर तुटण्याची जागा सापडली.

खालच्या टप्प्यावर आकडा वेगळा किंवा एकाच दिशेने येतो. तो दोष समजू नका. स्वस्त गनांमध्ये कमी उष्णतेसाठी मालिकेत एक डायोड टाकलेला असतो. डिजिटल किंवा गोल फिरकीच्या इलेक्ट्रॉनिक गनमध्ये ही चाचणी काहीच सांगत नाही, कारण वीज नसताना ट्रायाक बंद असतो. तिथे अनंत ओहम दाखवलं म्हणून एलिमेंट गेलं असा निष्कर्ष काढून नवं मागवणारे बरेच आहेत.

वायर बदलताना रबरी आवरणाची, निदान १ स्क्वेअर एमएमची घ्या. पीव्हीसीची वायर तापलेल्या नोजलला लागली की क्षणात उघडी पडते.

पाचवी तपासणी: आवाजावरून मोटर

गार हवेवर चालवा आणि कान द्या. आवाज चढत-उतरत असेल, खरखर असेल किंवा सुरू व्हायला टपली मारावी लागत असेल तर मोटर किंवा ब्रश. बहुतेक हलक्या गनांत छोटी डीसी मोटर असते. तिच्या पाठीवर चार डायोडचा ब्रिज असतो आणि तिला लागणारं कमी व्होल्टेज एलिमेंटच्याच एका भागातून काढलेलं असतं. म्हणून तो भाग तुटला की मोटरवर नको तेवढा भार येतो आणि ती जळते. ‘एलिमेंट आणि मोटर एकदम गेले’ यामागे योगायोग नसतो. अशा गनमध्ये नुसतं एक बदलून भागत नाही. मोटरच्या डायोडची तपासणी केल्याशिवाय नवं एलिमेंट टाकू नका.

पंखा थांबलाय आणि कॉइल लाल होतेय असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका, पिन ओढा. दहा-पंधरा सेकंद पुरतात कॉइल वितळायला.

सहावी तपासणी: गन उघडून

वॉरंटी असेल तर इथे थांबा. नसेल, आणि हाताला सवय असेल, तरच पुढे जा. अर्धं कवच उचलल्यावर आधी फोटो काढा. कोणती वायर कुठून वळून जाते याला महत्त्व आहे. चुकीच्या बाजूने नेलेली वायर गरम नळीला टेकते.

एलिमेंट बाहेर काढून उजेडात धरा. अभ्रकाच्या चार पात्यांची फुली, तिच्या खाचांतून गुंडाळलेली स्प्रिंगसारखी तार, वर अभ्रकाचीच नळी. चांगली तार राखाडी-तपकिरी आणि एकसारखी दिसते. तुटलेल्या जागी टोकावर वितळून झालेला छोटा मणी असतो. मणी मधल्या वेढ्यात असेल तर वारा कमी पडला किंवा व्होल्टेज चढलं. तुटणं तारेच्या टोकाला, क्लिपमध्ये असेल आणि क्लिपवर हिरवट-पांढरी पूड असेल, तर ते काम खाऱ्या हवेचं.

खाऱ्या हवेचा परिणाम कसा होतो ते नीट समजून घेतलं पाहिजे. गन चालताना किनाऱ्याची हवा सतत आत ओढते आणि मिठाचे सूक्ष्म कण टर्मिनलवर, सर्किट बोर्डावर साठत राहतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ पाणी शोषून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे गन बंद, कोरड्या कपाटात आहे असं वाटत असतानाही आत एक ओला, वीज वाहून नेणारा थर असतो. त्यातून क्लिप गंजते, गंजलेल्या सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो, तापल्याने आणखी गंजतो. शेवटी सांधा जळतो आणि सगळे म्हणतात एलिमेंट गेलं. गरम तारेवर बसलेलं मीठ निक्रोमच्या वरचा संरक्षक ऑक्साइडचा थरही खातं.

उपाय: टर्मिनल आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, गंजलेली क्लिप निकेलच्या नव्या क्लिपने बदला आणि दाबून क्रिम्प करा. गंज सोडवणारा स्प्रे, ग्रीस, खोबरेल असलं काहीही आत मारू नका. ते तापून धूर काढतं आणि कधी पेटतंही. कामानंतर गन गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या गुलाबी किंवा हिरव्या झाल्या की बदला किंवा सुकवा. बोटीच्या केबिनमध्ये उघडी गन टांगून ठेवली तर एका हंगामात क्लिपा जातात.

थर्मल फ्यूज उडाला असेल तर त्यावर छापलेल्याच अंशांचा आणि अँपिअरचा बसवा. वायरचा तुकडा लावून तो जोडून देणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्याच्या टोकांना सोल्डरिंग करायचं नाही, क्रिम्पच करायचं. सोल्डरच्या उष्णतेने नवा फ्यूज बसवतानाच उडतो.

तुटलेली निक्रोम पीळ देऊन किंवा सोल्डर लावून जोडू नका. कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, तार त्याच्या कितीतरी वर तापते. पीळ दिलेला सांधा आठवडाभर टिकतो आणि जाताना बाजूचे वेढेही नेतो. पूर्ण एलिमेंट बदला, तेही त्याच वॅटचं. १५०० वॅटच्या गनमध्ये २००० चं बसवलं तर पंखा तेवढी उष्णता बाहेर फेकू शकत नाही. नवं एलिमेंट पहिल्यांदा उघड्या जागेत, मधल्या सेटिंगवर दोन-तीन मिनिटं चालवा. थोडा धूर येतो, तो अभ्रकातल्या चिकट द्रव्याचा, घाबरू नका. पाच मिनिटांनंतरही येत राहिला तर काहीतरी टेकतंय.

इथे थांबा, पुढचं काम तंत्रज्ञाचं

आरसीसीबी पडत असेल तर तो बाजूला काढून गन चालवू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ज्या करंटला उडतो, तोच करंट ओल्या फायबरवर अनवाणी उभ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. अशी गन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. वाचन २ मेगाओहमच्या खाली असेल तर ती वापरातून काढा.

खाऱ्या पाण्यात पडलेली गन उन्हात वाळवून परत वापरू नका. मीठ आतच राहतं. तिच्यातले सुटे भागही दुसऱ्या गनमध्ये टाकू नका.

कंट्रोल बोर्ड, ट्रायाक, तापमान सेन्सर यांचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्या. सेन्सर चुकीचा बसला तर डिस्प्लेवर ३०० दिसतात आणि झोत ५०० अंशांचा असतो.

लोटे परशुराम किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यांत सॉल्व्हंटच्या आसपास गन चालवायची असेल तर हॉट वर्क परमिट (उष्णतेच्या कामाचा परवाना) लागतं, नुसतं सुपरवायझरचं ‘हो’ पुरत नाही. गनला ज्योत नसली तरी कॉइल ठिणगीइतकीच धोक्याची आहे. बोटीच्या इंजिनरूममध्येही हेच: चार्जिंगवर असलेल्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात, तळाशी डिझेलची वाफ असते. बॅटरीची केबल काढून बाहेर आणा आणि श्रिंक वर डेकवर करा.

गन ठीक आहे, तरी श्रिंक नीट बसत नाही

साधी पॉलिओलेफिन ट्यूब ९० अंशांच्या आसपास आकसायला लागते आणि १२०-१२५ अंशांना पूर्ण बसते. त्यासाठी झोत २५० ते ३५० अंशांचा पुरतो. ५०० वर लावली तर वरून करपते आणि आतला गोंद वितळतच नाही. बोटीवर गोंद असलेली जाड भिंतीची ट्यूबच हवी. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कडा बाहेर आलेली दिसली पाहिजे, तीच पाणी अडवते. ३५ किंवा ७० स्क्वेअर एमएमचा लग उष्णता ओढून घेतो, म्हणून आधी लग अर्धा मिनिट तापवा, मग ट्यूब सरकवून मधून टोकांकडे जा.

दोन कामं गनची नाहीतच, आणि त्यांच्यापायी गना जातात. एक, बेअरिंग तापवणं. झोताने बेअरिंग एका बाजूने तापतं, त्याला इंडक्शन हीटरच हवा आणि तापमान १२० अंशांच्या वर न्यायचं नाही. दोन, पावसात भिजलेली मोटर सुकवणं. गनपुढे वार्निश एका जागी करपतं आणि आतला ओलावा तसाच राहतो. ८०-९० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दोन तास नव्हे, मेगरचं वाचन चढेपर्यंत सुकवावी लागते.

वारंवार जळत असेल तर निवड बदला

एका हंगामात एलिमेंट दुसऱ्यांदा गेलं, आणि जाळी, व्होल्टेज, हाताळणी तिन्ही बरोबर असेल, तर गन कामाला छोटी आहे. दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारला जातो. तो दुसरा असावा. पहिला प्रश्न हवेचा: मिनिटाला किती लिटर. २००० वॅट आणि २५०-३०० लिटर हवा म्हणजे झोत फार गरम आणि एलिमेंटवर ताण. २००० वॅटला ५०० लिटर देणारी गन तेच काम कमी तापमानात करते.

पॅनेलमधली १.५ ते ६ स्क्वेअर एमएमची टोकं बसवायला ३००-५०० वॅटची छोटी गन किंवा १८ व्होल्टची बॅटरीवरची पुरते. बॅटरीचा हिशोब मात्र आधी करा: १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. ३५० वॅटच्या गनला ती जेमतेम पंधरा मिनिटं पुरते. बोटीवर चढून दहा-बारा सांधे करायला हे सोयीचं, पाण्याशेजारी २३० व्होल्टची केबल ओढावी लागत नाही. शिडाच्या ताडपत्रीला जोड मारणं किंवा जाड केबलचे लग असलं काम तिच्याने होणार नाही.

तापमानाचं बंद चक्र असलेली, म्हणजे नोजलजवळच्या सेन्सरवरून स्वतः ताकद वाढवणारी-घटवणारी गन आपल्याकडच्या उतरत्या-चढत्या व्होल्टेजला चांगली. २१० व्होल्टवर आणि २४० व्होल्टवर ती ३०० अंशच देते, अर्थात ताकद शिल्लक असेपर्यंतच. १७० व्होल्टवर तीही हरते.

कोकम सरबताच्या बाटल्यांना दिवसभर श्रिंक स्लीव्ह बसवायची असेल तर हातातली गन घेऊच नका. ती काही मिनिटं चालवून विसावा देण्यासाठी बनलेली असते. सलग पाळीसाठी ब्रशलेस मोटरचा, सिरॅमिक एलिमेंटचा औद्योगिक हॉट एअर ब्लोअर किंवा छोटा श्रिंक टनेल लागतो. खरेदीची रक्कम मोठी दिसते, पण दर पंधरवड्याला एलिमेंट आणि थांबलेली लाइन यांचा हिशोब मांडला की फरक उरत नाही.

जुन्या बोटींचा रंग काढायला गन वापरत असाल तर एक नक्की पाळा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि तळाच्या अँटिफाउलिंगमध्ये (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगात) तांब्याची संयुगं असतात. त्यांचा धूर घ्यायचा नाही. तळाला गन लावू नका, तिथे ओलं घासणंच बरं. फायबरच्या जेलकोटला (वरच्या चकचकीत थराला) तर उष्णतेने फोड येतात.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. सुटं एलिमेंट मिळतं का आणि त्याचा भाग क्रमांक काय? कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का? जवळचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला आहे, कोल्हापूरला की थेट मुंबईला? पहिल्याचं उत्तर ‘मिळतं’ असेल तर गनबरोबरच एक एलिमेंट आणि एक थर्मल फ्यूज घेऊन सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जूनमध्ये घाटरस्ता दरडीने बंद झाला की सुटे भाग चार-पाच दिवस अडकतात आणि बोट ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पाण्यात हवी असते.